गालावरची तीट

मानपाड्याला आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काकू राहतात. त्यांच्या तोंडावर, हातांवर मऊ गाठी आहेत आणि पाठीवर कॉफीच्या रंगाचे डाग. आजाराचं नाव न्यूरोफायब्रोमॅटोसिस. काकू ते उखाण्यासारखं एका दमात घेतात आणि वर सांगतात, "नसांवर गाठी येतात गं, बाकी मी ठणठणीत."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वरच्या मजल्यावरच्या नव्या सुनेने बोट लागू नये म्हणून लांबूनच कुंकू लावलं. ते गेलं चष्म्यावर.

"अगं, नेम तरी धर!" काकू म्हणाल्या. "हे कोणाला लागत नाही. त्यासाठी माझ्या आईच्या पोटी यावं लागतं."

सगळ्या हसल्या. सुनेने मग ओशाळून एवढं कुंकू फासलं की काकूंचा मळवटच भरला.

त्यांच्या लेकीलाही डाग आहेत. लेकीला मुलगी झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आजार आला असेल तर बहुतेक वर्षभरात डाग दिसतील. तेव्हापासून नातीची आंघोळ काकूंकडे. तेल लावताना तिला खिडकीशी नेऊन, बाजारात वांगं बघावं तशी उलटूनपालटून बघायच्या. तेवढा वेळ त्यांना एकही विनोद सुचायचा नाही.

परवा नातीचा पहिला वाढदिवस होता. मी गेलेले, तेव्हा काकूंनी तिला पुन्हा उजेडात नेऊन नीट पाहिलं. मग तिच्या गालावर काजळाची तीट लावली.

"एवढा एकच डाग," त्या म्हणाल्या, "आणि हा आंघोळीत जातो."