आधी सुई उकळा

भांडकुदळ हे नाव मला विशीतच पडलं आणि मी ते आजवर जपलं आहे. दवाखान्यात माझ्यासोबत यायला घरचे अजून कचरतात. कचरू देत. ज्या दिवशी ते नाव पडलं, त्या दिवशी मी तोंड मिटून बसले असते तर आज मला माझीच लाज वाटली असती.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. आमचं गाव लिंबागणेशपासून पायी जाण्यासारखं, पण गावात दवाखाना नव्हता. सोसायटीचं, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचं, एक गोदाम होतं. त्या साली ना खत आलं ना बियाणं, त्यामुळे ते रिकामंच पडलेलं. सोसायटीच्या चेअरमननी बीडच्या एका डॉक्टरांना आठवडी बाजाराच्या दिवशी तिथे बसायला बोलावलं. काम चांगलं केलं, मी नाकारत नाही. पण तेव्हापासून त्या दवाखान्याबद्दल कुणी ब्र काढला तरी तो चेअरमनचा अपमान ठरू लागला. दुष्काळी कामावर खडी फोडायला कुणाला घ्यायचं आणि कुणाला परत पाठवायचं, हेही त्यांच्याच शब्दावर चालायचं. मग बोलणार कोण?

डॉक्टर म्हणजे सुई, असा आमच्याकडचा समज. ताप असो, कंबर धरलेली असो, नाहीतर नुसता अशक्तपणा असो, सुई टोचली म्हणजे औषध झालं. नुसत्या गोळ्या देणारा डॉक्टर आमच्या लोकांना लबाड वाटायचा. "सुई दिली न्हाई, मंग केलं काय?" असं बायका तोंडावर विचारायच्या. या डॉक्टरांनी आमची नाडी बरोबर ओळखली. रांगेत उभं राहायचं, कुठं दुखतं ते एका शब्दात सांगायचं, टोचून घ्यायचं आणि निघायचं.

इंजेक्शनच्या पिचकाऱ्या तेव्हा काचेच्या होत्या आणि सुया पुन्हा पुन्हा वापरायच्या. टेबलावर एक वातीचा स्टो आणि पत्र्याचा डबा असायचा. सुरुवातीला त्या डब्यात पाणी खळखळ उकळायचं. मग विहिरी आटल्या, टँकरवर झोंबाझोंबी सुरू झाली, आणि सकाळी एकदा तापवलेलं पाणी दिवसभर पुरवायला लागले. पुढे पुढे तर स्टो पेटवायचंही राहून गेलं. सुई कापसानं पुसायची की पुढच्या माणसाला.

खडीवर ते लगेच दिसलं. दगड फोडायला बसावं लागतं, आणि एकेक करून बायका बसेनाशा झाल्या. सगळ्यांना गळू, आणि तेही एकाच जागी, कुल्ल्यावर. "औषध गरम पडलं," डॉक्टर म्हणाले. गावानं मान डोलावली. माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. कंबरदुखीची सुई घेतल्यावर त्यांना असं गळू झालं की त्या पालथ्याच पडून राहिल्या. खडी फोडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि आता ती बाई तोंडात पदर कोंबून कण्हत होती. ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

अशात माझी मुलगी तापली. अजून अंगावर पिणारं लेकरू. नेमका बाजाराचा दिवस होता. आत्या म्हणाल्या, "जा, सुई देऊन आण तिला." मी पोरीला काखेत घेतलं, आणि दुसऱ्या हातात आमच्या वाटणीच्या पिण्याच्या पाण्यातला एक तांब्या भरून घेतला.

माझी पाळी आली तेव्हा डॉक्टर पोरीकडे न बघताच पिचकारी भरू लागले. मी तांब्या टेबलावर ठेवला.

"आधी सुई उकळा. पाणी म्या आणलंय."

डॉक्टर हसले. "बाई, डॉक्टर तू आहेस की मी?"

"तुमीच. म्हणून तर तुमाला सांगायलेय."

शेजारी खुर्चीवर चेअरमन तंबाखू मळत बसले होते. "लोकांला प्यायला पाणी न्हाई आन हिला सुया धुवायच्यात. उद्या खडीवर यायचं हाय ना तुला?"

धमकी कळली.  गावातल्या वडीलधाऱ्यांना सुनांनी मामा म्हणायचं, ती रीत मात्र मी मोडली नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाले, "यायचं हाय की मामा. तवर उकळंल पाणी."

आणि पोरीला मांडीवर घेऊन टेबलासमोरच फतकल मारली. मागून बायका ओरडल्या, "आगं ऊठ की, आमाला बी जायचं हाय!" मी जागची हलले नाही.

शेवटी डॉक्टरांनी चिडून स्टो पेटवला. माझं पाणी डब्यात ओतलं, पिचकाऱ्या आणि सुया आत टाकल्या. पाणी उकळायला लागलं तसं गढूळ होत गेलं आणि वर तांबूस फेस आला. बायका रांग सोडून डब्याभोवती गोळा झाल्या. ओरडा थांबला. "ह्ये आमच्या आंगात घालायलेत व्हय?" कुणीतरी म्हणालं. चेअरमन थुंकायला म्हणून बाहेर गेले ते आत आलेच नाहीत.

उकळी चालू होती, डॉक्टरांच्या हाताला काम नव्हतं. म्हणून त्यांनी पोरीला जवळ घेतलं. छातीला नळी लावली, तोंड उघडून बघितलं. "घसा आलाय," ते म्हणाले. "सुईची गरज नाही. या गोळीचा चतकोर पाण्यात उगाळून दे, ताप उतरेल."

मी घरी आले. आत्यांनी विचारलं, "दिली का सुई?"

"न्हाई. गरज न्हाई म्हणले."

 आत्यांनी पालथ्या पडूनच मान वळवली. "मंग मला तरी व्हती का गं?"

मी पोरीला त्यांच्याशेजारी ठेवलं आणि तशीच गोदामाकडे परत गेले. रांग अजून होती, स्टो पेटलेला होता. सगळ्यांदेखत विचारलं, "डाक्टरसाहेब, माझ्या सासूला सुईची गरज व्हती का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बायकांकडे. "नव्हती," ते म्हणाले. "चार दिवस पडून राहिली असती तरी कंबर दुखायची थांबली असती. पण तुम्हीच मागता. तिनं मागितली, म्हणून दिली."

"मागितली ती सुई," मी म्हणाले. "गळू न्हवतं मागितलं."