वेणूची चुलीमागची गुलछडी

वेणूने विहिणीला शब्द दिला तेव्हा तिच्याकडे गुलछडीचे साठ कांदे होते आणि फुलाचा पत्ता नव्हता. धसईजवळ तिचं घर, शेजारी आमचं. तिच्या मुलीचं, रंजनाचं, लग्न १९९८च्या वैशाखात ठरलं. बैठकीत शहापूरच्या विहीणबाई म्हणाल्या, "फुलं आमीच आणू. तुमच्या खेड्यात कुठली मिळायला!"

"नवरीची वेणी आमच्या परसातली असंल," वेणूने ठोकून दिलं.

आमच्याकडे गुलछडी फुलते पाऊस लागल्यावर. मलाही मुलगी आहे, त्यामुळे विहिणींना दिलेल्या शब्दांची मला धास्तीच वाटते. तसं बोलले तर वेणू हसली. "पाऊस येईस्तोवर कांद्यांनी झोपायचं कशाला, वहिनी? आधी उठवते त्यांना."

माघातल्या थंडीत तिने फुटके माठ, तेलाचे डबे, कडी तुटलेली बादली असं मिळेल ते गोळा केलं. तळाला भोकं पाडली, शेणखताची माती भरली आणि टोक जेमतेम दिसेल असे कांदे लावून सगळी रांग चुलीमागच्या उबेला ठेवली. पाणी ओंजळभरच, तेही माती सुकल्यावर. सकाळी डबे ओट्यावर उन्हात, संध्याकाळी परत आत.

तिचा नवरा धाकलू वैतागला. "माणसांना जागा नाय न् कांद्यांना बिछाना!"

"कांदे घोरत तरी नायत."

फाल्गुनात बहुतेक कांद्यांचे कोंब बोटभर झाले. वेणूने मातीच्या गोळ्यासकट ते परसातल्या वाफ्यात चार बोटं खोल लावले. ऊन कडक, म्हणून वर पेंढा आणि पळसाची पानं पसरली. आठवड्याने ती लग्नाच्या खरेदीला मुरबाडला गेली.

आमच्याकडे भाताची रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून पेटवतात. त्याला राब भाजणं म्हणतात. धाकलूने पेंढा-पानं पसरलेला वाफा पाहिला आणि त्याला बायकोचं कौतुक वाटलं.

संध्याकाळी तो दारातच उभा होता. "तुझं काम करून ठेवलं गो! पाला तू पसरलास, वर शेण मी टाकलं, काडी लावून दिली."

"कुठं?"

"परसात."

वेणूने पिशव्या तिथेच टाकल्या. परसात काळी राख होती. 

"आता नवरीच्या डोक्यात राख माळू का वो?" ती म्हणाली.

चुलीमागे नऊ कांदे उरले होते. त्यांचे कोंब नुकते दिसायला लागले होते, म्हणून ती त्यांना आळशी म्हणायची. दुसऱ्या दिवसापासून डबे उन्हात नेण्या-आणण्याचं काम कुणी न सांगता धाकलू करू लागला. मी दिवसातून दोनदा कुंपणापाशी जाऊन विचारायचे, "दांडा आला का?"

"येईल वो! तुमी असं टक लावून बघताय म्हणून लाजतोय तो."

लग्नाला चार दिवस उरले तेव्हा सहा दांड्यांवरच्या खालच्या कळ्या उमलल्या. हार कल्याणहून आले. वेणी मात्र वेणूने स्वतः गुंफली. एक फूल कमी पडलं असतं तर ती पुरी झाली नसती.

मांडवात विहीणबाई नवरीच्या डोक्याशी वाकल्या. "वास छान हाय. कल्याणची का?"

"चुलीमागची," वेणू म्हणाली, आणि तिने सगळी हकिगत सांगितली, जळलेल्या वाफ्यासकट. विहीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि जाताना हळूच म्हणाल्या, "दोन कांदे आमालाबी द्या ना."

डब्यांतले फुललेले कांदे वेणूला उपटवेनात. तिने धाकलूला राखेत काही जिवंत सापडतं का ते उकरायला पाठवलं. तो ओरडतच परत आला. हातातल्या कांद्याला हिरवागार कोंब होता.

"बघ गो! राब भाजला म्हणून एवढा जोमात!"

"फुलंल तो पावसात. मग रंजनाचं लग्न श्रावणात ठेवायचं होतं का?" वेणूने कांदा त्याच्या हातून घेतला, आणखी तीन उकरायला लावले आणि चारही विहीणबाईंच्या पदरात घातले. "थंडीत चुलीमागं ठेवा."

"आमच्याकडं गॅस हाय वो."

"मग गॅसमागं. पण व्याह्यांना सांगून ठेवा."