काकांचं हेलकॅट

भानुदास काका रिटायर झाले तेव्हा अमेरिकेतल्या हर्नडन गावच्या मराठी मंडळींना वाटलं, आता हे बॅकयार्डात वांगी लावतील. काका विमानांच्या म्युझियममध्ये व्हॉलंटियर गाईड झाले. त्यांच्या वाट्याला हेलकॅट आलं. दुसऱ्या महायुद्धात विमानवाहू जहाजांवरून उडणारं, पंख मिटून ठेवता येणारं हे लढाऊ विमान. काका त्याच्या इतके प्रेमात पडले की जेवताना शुभाकाकूंची सुटका होईना.

"त्रेचाळीस साली आपण हे पॅसिफिकमध्ये आणलं आणि जपान्यांच्या झीरो विमानांचा धुव्वा उडवला!"

"आपण म्हणजे कोण?" काकू म्हणाल्या. "तेव्हा तुमचे वडील बार्शीला तिसरीत होते."

"सिटिझन झालोय मी. हिस्टरीपण आता माझीच."

एका शनिवारी काका रंगात आले होते. "वी शॉट डाउन पाच हजारांहून जास्त विमानं," ते म्हणाले, आणि त्यांचं लक्ष पुढे उभ्या असलेल्या, नव्वदीच्या जपानी आजोबांकडे गेलं. काका अडखळले. "म्हणजे, दे शॉट डाउन."

"दे?" मागून एक टोपीवाला अमेरिकन गुरगुरला. "दे कोण?"

"विमानं पडली," काका घाईने म्हणाले. जणू पतंगच होते ते!

टूर संपल्यावर आजोबा जवळ आले. "माझा मोठा भाऊ झीरो उडवायचा," ते सावकाश इंग्रजीत म्हणाले. "चव्वेचाळीसच्या जूनमध्ये गेला. तेवीस वर्षांचा होता."

सॉरी म्हणायचं तर कोणाच्या वतीने, हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं. काकांनी खुर्ची आणून दिली. आजोबा हेलकॅटकडे बघत बसले, काका शेजारी उभे राहिले. मग आजोबांनी विचारलं, "याचे पायलट केवढे होते?"

"तेवढेच," काका म्हणाले.

त्यानंतर काका टूरची सुरुवात दोन्हीकडच्या पोरांच्या वयांपासून करू लागले. वी नाही, दे नाही. महिन्याभरात तक्रार आली: युद्ध कोण जिंकलं ते या गाईडकडून कळत नाही. कोऑर्डिनेटर बाईंनी गोड हसून काकांना जुन्या प्रवासी विमानांच्या विभागात हलवलं.

तिथे कोणी कोणाला पाडत नाही. पूर्वी पाय पसरायला केवढी जागा असायची, ते बघून लोक हळहळतात, आणि काकाही त्यांच्यात मनापासून सामील होतात.