कंदीलमामांचा माळ

कुठल्याही फुलाचा वास घेताना कंदीलमामा दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून उभे राहत. बाजारात मोगऱ्याच्या ढिगासमोरही तीच तऱ्हा. आई चेष्टा करायची, "दादा, पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसताय!" त्यावर ते म्हणायचे, "हात मोकळा असला की तोडतो गं. माणसाच्या हाताला सुम्ने बसायला येत नाही." गप्प बसणं, उगीच बसणं, या सगळ्याला आम्हा म्हैसूरच्या मराठी घरांत हा एकच कन्नड शब्द पुरतो.

आईने मानलेले ते भाऊ. बन्नीमंटपजवळ आमच्या शेजारीच राहत. त्यांचे पणजोबा महाराजांच्या फौजेत होते, आणि मामा एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडर. "घराण्यात तलवार होती, माझ्या हाती चिमटा आला," असं ते हसत सांगत. मुलांनी आणलेली झाडं कागदात दाबून वाळवायची, चिकटवायची, खाली नाव लिहायचं, हे त्यांचं काम. शिकले होते जेमतेम, पण नवे प्राध्यापकसुद्धा अडले की त्यांनाच विचारत.

टोपणनाव पडलं ते एका फुलामुळे. बोटभर लांबीचं, खाली फुगीर, वर पाकळ्यांची टोकं जुळून झालेली इवलीशी टोपी, हुबेहूब कंदील. हे झाड सगळीकडे येत नाही. उघड्या कातळावर, गवतात, खडकाच्या खळग्यात साठलेल्या ओंजळभर मातीत येतं. त्याला ऊन लागतं, सावली सोसत नाही. पावसाळ्यात वेल वर येतो, फुलतो, आणि पुढचे सात-आठ महिने नुसता कंद मातीखाली झोपून असतो. तेव्हा पाहणाऱ्याला तो माळ निव्वळ ओसाड वाटतो. सरकारी यादीत त्या फुलापुढे 'अतिसंकटग्रस्त' असं लिहिलं होतं. मामा म्हणायचे, "यादीत नाव आलं म्हणजे दवाखान्यात खाट मिळाली. औषध कोण देणार?"

तरुणपणी त्यांनी एका पाहुण्या अभ्यासकाला अशी एक जागा हौसेने दाखवली होती. पुढच्या वर्षी गेले तर तिथे नुसती उकरलेली माती. कुणी कुणाला सांगितलं, कंद कोण घेऊन गेलं, काही कळलं नाही. मामा आठवडाभर धड जेवले नव्हते, असं आई सांगायची. त्यानंतर त्यांना स्वतःलाच दुसरी एक जागा सापडली आणि ती त्यांनी कुणालाही सांगितली नाही. कॉलेजला नाही, जंगलखात्याला नाही, मलाही नाही. दर श्रावणात एका रविवारी डबा घेऊन पहाटे निघायचे. मी फारच मागे लागले तर म्हणायचे, "बस बदलून जावं लागतं." संध्याकाळी परत आले की दारातूनच सांगायचे, "आहेत." मग आई कॉफी टाकायची. आमच्या घरात तो सणच होता.

मी नोकरीला लागले त्याच्या तिसऱ्या वर्षी ऑफिसने झाडं लावायचा कार्यक्रम ठरवला. एच. डी. कोटे गावाच्या पुढे एक बोडका माळ होता. आम्ही पंचवीस-तीस जण ट्रकभर रोपं घेऊन गेलो. पहिला पाऊस होऊन गेला होता. खडकाळ जागेत माणूस जिथे माती दिसेल तिथेच खड्डा घेणार. आम्हीही तेच केलं, आणि अगदी नेटाने केलं. खड्डे घ्यायला मीच सर्वांत पुढे होते.

घरी आले तेव्हा मामा ओसरीवर बसले होते. शाबासकी हवी होती मला. हाताचे फोड दाखवले आणि म्हटलं, "आणि मामा, मातीतून छोट्या बटाट्यासारखे कंद निघत होते. बरोबरचा मजूर म्हणाला खातात, म्हणून मीही एक खाल्ला. काकडीसारखा लागला."

मामा पुढे झुकले. "केवढा होता?"

मी अंगठा दाखवला.

"वर कोंब होता?"

"होता की. हिरवागार."

"कुठं गं? कुठं गेली होतीस?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी माझे तळहात उलटून फोड पाहिले. मग म्हणाले, "हातांना खोबरेल लाव. उद्या आपण तिथे जाऊ."

दुसऱ्या दिवशी बस बदलून गेलो; माळाची वाट त्यांनीच दाखवली, आणि तिथे ते प्रत्येक रोपापाशी उकिडवे बसले. रोपं छान ताठ उभी होती. बाजूला फेकलेल्या मातीतून सात कंद मिळाले, सुकत आलेले. ते ओल्या रुमालात बांधून घेतले आणि आम्ही तसेच जंगलखात्याच्या ऑफिसात गेलो. तिथला साहेब सज्जन होता. त्याने दप्तर काढून पाहिलं. "इथे हे झाड असल्याची नोंदच नाही. ओसाड जमीन म्हणून आम्ही परवानगी दिली. तुम्हाला माहीत होतं, तर आधी का नाही सांगितलंत?"

मामा रुमालाच्या गाठीकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत त्यांची मान खाली गेलेली मी पाहिली नव्हती.

बसमध्ये मी रडत होते. ते म्हणाले, "रडू बेडा गं, रडू नको. तू झाडं लावलीस, यात काय पाप? तोंड मी शिवून घेतलं. चोराला कळू नये म्हणून चांगल्या माणसालाही कळू दिलं नाही." मला त्यांनी रागवायला हवं होतं. अजूनही वाटतं, एकदा तरी ओरडायला हवं होतं.

सातही कंद त्यांनी कुंडीत लावले आणि सातही कुजले. "कुंडीत माती घालता येते," एवढंच म्हणाले, "कातळ कुठून आणू?" पुढच्या श्रावणात ते कुठेच गेले नाहीत. त्याच्या पुढच्या श्रावणात ते नव्हते. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. 

परवा कामासाठी, बऱ्याच वर्षांनी, त्या माळाकडे जाणं झालं. आता तिथे दाट सावली आहे. माझ्या जुन्या ऑफिसची पाटी अजून उभी आहे, झाडं लावणाऱ्यांची नावं तिच्यावर आहेत. एक म्हातारी शेळ्या सोडून झाडाखाली टेकली होती. मला बस म्हणाली, शेजारची जागा पदराने झाडून दिली, आणि वर पाहत कन्नडमध्ये म्हणाली, "ज्यांनी ही लावली, त्यांचं पोट थंड राहो." आमच्याकडचा हा मोठा आशीर्वाद. पाटीवर चौथं नाव माझं आहे, हे मला तिला सांगता आलं नाही.