तिच्या गाण्याची लय

आमच्या बँडमध्ये तिघंच. व्हायोलिनवर हंगेरीचे म्हातारबुवा, व्हायोलावर एक डच शाळामास्तरीण आणि ढोलकीवर मी, अ‍ॅमस्टेलव्हीन या डच गावातला आयटीवाला. हंगेरीत ठेक्यासाठी सेलोसारखं एक वाद्य काठीनं बडवतात. ते बडवणारा मिळेना म्हणून माझी वर्णी लागली. जुन्या हंगेरियन गाण्यांना आम्ही नवं रूप देतो, असं आमच्या पत्रकावर छापलेलं असतं. बायको म्हणते, "नवं रूप म्हणजे काय हो, तुम्ही चुकता तेच ना?"

म्हातारबुवांच्या गावात माणसागणिक एक गाणं असतं. ज्याचं त्याचं. वाजवायला लागलं की तो माणूस उठून पुढे येतो, आणि मग ते मध्येच तोडायचं नाही. तोडलं तर त्या माणसाचा अपमान.

त्यांची बायको कापेल गावातल्या एका शुश्रूषागृहात होती. सगळी माणसं विसरली होती, नवऱ्यासकट. स्वतःचं गाणं तेवढं ओळखायची. आता फार दिवस नाहीत असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा बेत ठरला. दुपारी कॉफीच्या वेळी तिथल्या हॉलमध्ये तिचं गाणं वाजवायचं. दोन फेऱ्यांनंतर चाल मास्तरीणबाई उचलणार आणि म्हातारबुवा व्हायोलिन खाली ठेवून बायकोचा हात धरणार. तिला खुर्चीतल्या खुर्चीत नाचवणार.

"तुझं काम एकच," ते मला म्हणाले. "संथ. ती लग्नात चालत आली होती तेवढं संथ."

"काळजीच करू नका," मी म्हणालो. ऑफिसातही सर्व्हर पडायच्या आदल्या दिवशी मी हेच म्हणतो.

पहिली फेरी मी शहाण्यासारखी वाजवली. दुसऱ्या फेरीत म्हातारबुवांच्या बायकोनं उजवा हात वर उचलला. आता माझं सगळं शिक्षण आमच्या वस्तीतल्या भीमगीतांच्या गायन पार्टीतलं. तिथे ऐकणाऱ्याचा हात वर गेला की ढोलकीवाल्यानं समजायचं, रंग भरलाय, चढव. बोटं काही डोक्याला विचारत बसली नाहीत. लय दुप्पट झाली.

हॉलमधले आजी-आजोबा टाळ्या पिटायला लागले. मी आणखी फुललो. मास्तरीणबाई जोरजोरात मान हलवत होत्या, तीही मला दादच वाटली. त्या वेगात त्यांना चाल उचलता येईना. गाणं तोडता येत नाही, म्हणून म्हातारबुवा माझ्यामागे फरफटत वाजवत राहिले, डोळे बायकोच्या हातावर. तो हात थोडा वेळ अधांतरी राहिला आणि हळूच मांडीवर उतरला. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं की तिनं तो नाचायला पुढे केला होता.

सगळ्यात जास्त टाळ्या मलाच पडल्या.

चौथ्या दिवशी ती गेली. अंत्यविधीनंतर बाहेर बसथांब्यावर मी म्हातारबुवांना गाठलं. "माझ्यामुळे..." एवढंच कसंबसं म्हटलं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते बस येते का ते पाहत म्हणाले, "त्या दिवशी तिनं मला ओळखलं होतं. हात माझ्याकडेच केला होता."

मी थांब्यावरचं बसचं वेळापत्रक वाचायला लागलो.

"गाणं संपल्यावर धरला मी तो," ते म्हणाले. "तर ती विचारते, तुम्ही कोण?"