कुलुपाआडचा माग

१९२०नंतरच्या एका हिवाळ्यात, सोलापुरात प्लेगची साथ असताना, आमच्या वर्गातल्या एका मुलाने आपल्या शेजारच्या घराचे कुलूप नगरपालिकेच्या माणसांकडून फोडवले. दुपारची वेळ होती. मी त्याच्याबरोबर होतो.

आम्ही दोघे हायस्कुलात इंग्रजी पाचवीत होतो. ज्या घराचे कुलूप फोडले त्या घरातली मुलगीही आमच्याच वर्गात होती. वर्गात मुलगी ती एकटीच. ती मास्तरांच्या मागून आत येई, दाराजवळच्या वेगळ्या बाकावर बसे आणि तास संपला की मास्तरांच्या मागूनच बाहेर जाई. वर्गातल्या कुणा मुलाशी ती बोलल्याचे मला आठवत नाही. या मुलाशीही नाही.

तिच्या घरी तेलुगू बोलत. वडील विणकर. माग खड्ड्यातला, पाय खड्ड्यात सोडून चालवायचा, आणि त्याच्यामागची मातीची भिंत दोन्ही घरांना सामाईक. शाळेच्या आधी आणि नंतर मागावर ती बसे. भिंतीच्या अलीकडे हा मुलगा धडे म्हणत असे. तेव्हा पाठांतर मोठ्यानेच करायचे. मनात वाचणारा मुलगा अभ्यास करत नाही, असे घरचे धरून चालत. एकदा तो भीमेच्या उपनद्या म्हणत होता. इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड, नीरा, माण, सीना. त्याने क्रम चुकवला तेव्हा पलीकडचा माग थांबला. त्याने चूक सुधारली, तेव्हा पुन्हा सुरू झाला.

त्यानंतर तो मुद्दाम चुकू लागला.

"अरे, एवढी एक नीरा तुला ओलांडता येईना?" त्याची आई स्वयंपाकघरातून म्हणे. "धाकटीला पाठ झाली की ऐकून ऐकून!"

हे त्याने फक्त मला सांगितले होते. शाळेत मी विचारी, "काल कुठं अडकलास?"

"घोड नदीला."

"पूर होता?"

"लई."

ती दाराजवळच्या बाकावर पाठमोरी असे. तिने कधी वळून पाहिले नाही.

दिवाळीनंतर उंदीर मरून पडू लागले आणि पेठ रिकामी झाली. लोक गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहिले. शाळा बंद झाली. विणकरांच्या झोपड्या आमच्यापासून थोड्या अंतरावर होत्या. तिथे तिची आई दिसे. पण ती स्वतः आणि तिचे वडील दिसत नसत.

"मोगलाईत गेले, निजामाच्या हद्दीत, तिच्या मावशीकडं," तिची आई त्याला म्हणाली. "तू कशाला विचारतोस बाळा? जा, ऊन लागंल."

काही दिवसांनी त्या मुलाला पुस्तके आणायला घरी जायचे होते. एकटा नको म्हणून मी गेलो. पेठेत माणूस नव्हते. दारांना कुलपे, कुलपांच्या वर पालिकेने केलेल्या डांबराच्या खुणा. रोगाची हवा जावी म्हणून छपरातली काही कौले काढून टाकली होती, त्यामुळे बंद खोल्यांत ऊन पडले होते आणि फटीतून आतल्या रिकाम्या चुली दिसत होत्या. कुत्री लोकांबरोबर माळावर गेली होती. गिरणीचा भोंगा वाजला आणि त्या आवाजाला एकही माणूस रस्त्यावर आला नाही.

भोंगा थांबल्यावर माग ऐकू आला.

शेजारच्या दाराला बाहेरून कुलूप होते. मुलाने हाक मारली. माग थांबला, उत्तर आले नाही. तो आपल्या घरात गेला, भिंतीजवळ उभा राहिला आणि नद्या म्हणू लागला. माग सुरू झाला. त्याने सीना नीरेच्या आधी घेतली. माग थांबला.

"आहे," तो म्हणाला. "आत आहे."

त्याचा अर्थ आम्हाला दोघांनाही कळत होता. घरात कुणाला प्लेगची गाठ आली तर लोक रोग्याला आत ठेवून बाहेरून कुलूप लावत. पालिकेला कळले की रोग्याला इस्पितळात नेत आणि तिथून कुणी परत येत नाही असा पेठेत समज होता. म्हणजे घरात कुणीतरी आजारी होते आणि ती त्याच्यापाशी होती. सांगितले तर तिलाही नेतील. न सांगितले तर ती त्या हवेत राहील.

त्याने सांगितले नाही. तो रोज दुपारी जाऊ लागला. अधूनमधून मीही असे. पालिकेची माणसे सकाळी फिरत. माग दुपारीच चाले. झाकलेली टोपली घेऊन तिची आई बोळातून येताना आम्ही एकदा पाहिली. तिने आम्हाला पाहिले आणि पदर पुढे ओढला.

एके दुपारी मागाचा ठोका जड वाटला. त्याने सीना आधी घेतली. माग चालूच राहिला. त्याने घोड गाळली. माग चालू. तो भिंतीला कान लावून उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "गोदावरी." ठोके पडत राहिले, एकसारखे, कुणी काही ऐकतच नसल्यासारखे.

तो धावत प्लेग-इन्स्पेक्टरकडे गेला.

कुलूप फोडले तेव्हा मागावर तिचे वडील बसले होते. आधी गाठ त्यांना आली होती. तिने त्यांची शुश्रूषा केली आणि मागावरचे कापड अर्धे सोडायचे नाही म्हणून विणतही राहिली. ते उठून बसू लागले आणि ती पडली. भिंतीलगतच्या बाजेवर ती होती.

"आजारी माणूस आत असताना विणत काय बसलात?" इन्स्पेक्टर म्हणाले.

"तीच म्हणली की साहेब," वडील म्हणाले. त्यांचा पाय अजून खड्ड्यात होता. "माग थांबवू नका. पलीकडं तो बसलाय, थांबला तर त्याला कळंल."

मुलाला उंबऱ्यावर अडवले होते. तिचे डोळे उघडे होते. तिने त्याच्याकडे पाहिले आणि ती अगदी हळू म्हणाली, "गोदावरी कुठून आणलीस?"



साथ ओसरल्यावर पेठ भरली. ते घर बंदच राहिले. माळावरची त्यांची झोपडीही मोडलेली होती. ती वारली, असे काहींनी सांगितले. ती बरी झाली आणि आईबाप तिला घेऊन मोगलाईत गेले, असे काहींनी सांगितले. दोन्हींपैकी कशालाही साक्षीदार मिळाला नाही. खात्रीने कळले ते एवढेच: कुलूप फोडले त्या दुपारी तिला नेणारी बैलगाडी इस्पितळाच्या फाटकापाशी पोचली तेव्हा तिने पाणी मागितले, ते गाडीवानाने तिला पाजले, आणि गाडी आत गेल्यावर फाटक लावण्यात आले.