राजाच्या कपाळावरचं कुंकू

परतूरच्या स्टेशनकडच्या रस्त्यावर कुणालाही विचारा, धर्मराज बोराडे कुठं राहतात? समोरचा उलट तुम्हालाच विचारील, "मिसरवाले का?" मिसर म्हणजे इजिप्त. हसनाबादच्या शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला हा माणूस जन्मात मिसरला गेला नाही, हैदराबादच्या पलीकडेही गेला नाही. पण पिरॅमिड, सिंहाच्या धडाचा माणूस, दगडात बसलेले उंच राजे असं सगळं छापलेल्या तिथल्या जुन्या नोटा त्यांच्या लोखंडी ट्रंकेत होत्या.

याला कारण कापूस. अण्णा (सगळं गाव त्यांना अण्णाच म्हणतं) बद्रीनारायणशेठच्या जिनिंगवर कापूस पारखायला होते. चिमूटभर कापूस दोन्ही हातांत धरून ओढायचा, तंतू काळ्या कापडावर ठेवायचे आणि लांबी सांगायची. शेठनं त्यावर कधी पट्टी लावून पाहिली नाही. एकदा मुंबईहून मिसरी कापसाचा नमुना आला आणि त्या पुडीत कुणीतरी हौसेनं तिथली एक नोटही घातलेली. शेठनं ती अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी सवयीनं ती चिमटीत चोळली.

"शेठजी, हा कागद न्हाई. कापूसच हाये हा."

"मंग तुम्हीच ठेवा," शेठ म्हणाले. झालं, भूत मानगुटीवर बसलं ते बसलंच.

त्यांच्या बायकोला, द्वारकाबाईंना, दाताला मिसरी लावायची सवय. "माझी मिसरी डबीत, तुमचं मिसर ट्रंकेत," त्या म्हणायच्या. "कोण कोणाला बोलणार?"

एक नोट मात्र हाती लागत नव्हती. एका पौंडाची, तुतनखामन नावाच्या कोवळ्या राजाचा चेहरा असलेली. अण्णांनी प्रदर्शनं पालथी घातली, हैदराबादच्या गल्ल्या धुंडाळल्या, ढिगानं पोस्टकार्डं पाठवली. बावीस वर्षांनी ती सापडली कुठं, तर जुन्या जालन्यात, महायुद्धात मिसरला जाऊन आलेल्या एका शिपायाच्या पेटीत. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी अण्णा ती घेऊन घरी आले आणि आनंदाच्या भरात बोलून गेले, "द्वारका, घरातल्या समद्या पैशाहून ही मोठी."

दुसऱ्या दिवशी शेठकडची पूजा आटोपून ते घरी आले, तर पाटावर डाग-दागिने, केरसुणी, आणि मधोमध ती नोट. राजाच्या कपाळावर, त्याच्या मुकुटातल्या नागाच्या बरोबर खाली, ओल्या कुंकवाचं बोट.

"हे काय करून ठेवलं?"

"पूजा केली. तुम्हीच म्हन्ले ना, समद्यात मोठी हाये म्हणून. अन् देवच हाये की तो. डोक्यावर नाग हाये."

त्या घरात कोरी सायकल, कोरा पंखा, कोरं पातेलंसुद्धा कुंकू लावल्याशिवाय वापरात येत नसे. बाईंचं काय चुकलं? पण अण्णांचं डोकं फिरलं होतं. "अडाणी ते अडाणीच राह्यली तू," ते म्हणाले.

हे त्यांनी बोलायला नको होतं. द्वारकाबाई चाळिशीत साक्षरता वर्गाला जाऊन सही शिकल्या होत्या, आणि त्यानंतर त्यांनी कुठल्याच कागदावर अंगठा उठवला नव्हता. त्या कुंकवाची कोयरी उचलून आत गेल्या आणि पुन्हा कधी ट्रंकेला हात लावला नाही. दर दिवाळीला मात्र हातभर लांब उभ्या राहून म्हणायच्या, "तुमच्या राजाला सांगा, बाईची चूक झाली म्हणावं." अण्णांनी एकदा हसायचं होतं, एवढंच. ते हसले नाहीत. आल्यागेल्याला नोटा दाखवताना ते त्या नोटेपाशी थांबत आणि बाईंच्या देखत सांगत, "हिची मात्र आमच्या घरी वाट लागली."

दोन वर्षांपूर्वी तीन दिवसांच्या तापात द्वारकाबाई गेल्या. अण्णांनी स्वतःच्या हातांनी शहागडला गोदावरीत राख सोडली. तेराव्यानंतर घर रिकामं झालं तेव्हा काहीतरी करायचं म्हणून त्यांनी ट्रंक उघडली, भिंग घेतलं, आणि ती नोट पाहताना त्यांचा हात थांबला. कुंकवाच्या त्या डागात बोटाच्या रेषा होत्या. एकीच्या आत दुसरी, तंतूसारख्या बारीक. द्वारकाबाईंच्या अनामिकेच्या. जुन्या कागदांवर हिरवे-निळे अंगठे होते, पण ते शाई पसरून नुसते ठिपके झालेले. आधार कार्डासाठी बोटं दिली होती, ती कुठल्या यंत्रात गेली कोण जाणे. बाईंचं स्पष्ट उमटलेलं बोट जगात या एकाच ठिकाणी होतं.

तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी अण्णा भिंग लावून बसू लागले. कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुठल्या तोंडानं? इतकी वर्षं तर खराब झाली, खराब झाली म्हणत होते.

मग रेषा एकमेकींत मिसळायला लागल्या. पुढं नुसता तांबूसपणा दिसायचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनच्या नावानंच अण्णांना घाम फुटायचा. तरी एक दिवस त्यांनी जालन्याला मुलीला, ज्योत्स्नाला, फोन केला. "डोळ्याचं करून घिऊ."

"आता कसं काय तयार झाले, अण्णा?"

"पेपर दिसत न्हाई."

पेपर त्यांनी महिनाभरापूर्वीच बंद केला होता. त्यांना त्या रेषा बघायच्या होत्या, आणि एकदा नीट दिसल्या की त्या बोटाला सांगायचं होतं, चूक माझी झाली. हे वाक्य ते ज्योत्स्नाच्या घरी काळा चष्मा लावून, डोळ्यांत थेंब घालून घेत, दोन महिने मनात घोळवत होते.

डॉक्टरांनी मोकळं केल्यावर ज्योत्स्ना त्यांना परतूरला घेऊन आली. घरात शिरताच अण्णा ट्रंकेकडे वळले.

"थांबा," ती म्हणाली आणि पर्समधून पाकीट काढून तिनं नोट त्यांच्या तळहातावर ठेवली. "तुम्हाला न विचारता नेली होती."

नव्या डोळ्यांना सगळं लख्ख दिसत होतं. राजाच्या पापण्या, नागाच्या अंगावरचे खवले. कपाळ कोरं होतं.

"पुण्याला एक जण जुने कागद साफ करतात, त्यांच्याकडून करून आणली. आई दवाखान्यात म्हणाली होती मला, तेवढा डाग निघतो का बघ. तुझ्या अण्णाच्या मनातून जात न्हाई तो." "छान निघालाय ना?"

अण्णांनी नोट चिमटीत धरली. कपाळाच्या जागेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. कापूस तेवढाच मऊ होता.

"छान," ते म्हणाले. मग विचारलं, "धुतलेल्या पाण्याचं काय केलं गं त्यानं?"

"पाणी? ओतलं असंल की. का हो?"

"काही न्हाई."

राख कुठल्या पाण्यात गेली ते त्यांना ठाऊक होतं. हे पाणी पुण्यातल्या कुठल्या मोरीत गेलं, हे आता कोणाला विचारायचं, ते अण्णांना कळेना.